न मारलेला दुसरा शॉट

सर,

लेसरच्या एका शॉटचा खरा खर्च किती, ते आज मी मांडून बघितलं. कंडेन्सर भरायला लागणारी वीज. तो भरेपर्यंत तुमच्या प्रयोगशाळेतल्या स्टोव्हवर चहाला पहिली उकळीसुद्धा येत नसे. त्या परदेशी दिव्याच्या आयुष्यातला एक लहानसा तुकडा. फोटोच्या काचेवर करंगळीच्या नखाएवढी जागा. आणि पितळ जेवढं वाफ होऊन जायचं ते तर धरायलाच नको, डोळ्यात गेलं तरी खुपलं नसतं. बस्स, एवढंच. एवढं तुम्ही वाचवलंत. त्यापायी जे गेलं ते दुसऱ्याचं होतं, म्हणून तुम्ही ते खर्चात धरलं नाही. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की कॉलेजात तुम्हाला ओळखणारा शिपाईसुद्धा उरला नाही. माझा राग मात्र अजून नोकरीवर आहे, आणि रजा घेत नाही.

तेव्हा मी सातपूरला भाड्याच्या शेडमध्ये लेथ चालवायचो. द्राक्षाच्या बागा नुकत्या वाढू लागल्या होत्या आणि फवारणीच्या पंपाला लागणारे नोझल आम्ही करायचो. नोझलचा जीव म्हणजे आतली पितळेची चकती, नाण्याएवढी, मधोमध बारीक भोक. त्या भोकातून औषध धुक्यासारखं उडालं तर पानाला लागतं, थेंबाथेंबाने पडलं तर जमिनीला लागतं आणि पानावर रोग राहतो. धंदा दोघांचा होता. चकत्या मी कातायचो. पितळ चाचा ओतायचे. चाचा मूळचे मालेगावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, भंगारातून पितळ निवडून ते मुशीत वितळवून त्याच्या कांड्या ओतण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझ्याकडे शिक्षण नव्हतं, कान होते. बागेच्या बांधावर सायकल टेकवून उभा राहिलो की आत फवारणी कशी पडते आहे ते न बघता सांगायचो. धुकं पडत असेल तर नवं कापड फाडल्यासारखा लांब सूर येतो. भोक झिजलं की त्या सुरात खरखर शिरते. बागायतदार मला हसायचे, पण पंप घेताना मलाच बोलवायचे.

तुमच्याकडे मला कोणी पाठवलं नव्हतं, मीच आलो. एका नोझलचं धुकं काही केल्या एकसारखं पडत नव्हतं आणि कोणीतरी सांगितलं की कॉलेजात एक सर आहेत, त्यांना थेंबांचं वेड आहे. तुम्ही नोझल हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि मला थेट पंचवटीला तुमच्या घरी नेलंत, स्वयंपाकघरात. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांना तुम्ही मोरीपाशी येऊ दिलं नाही, नळ अगदी बारीक सोडलात आणि मला म्हणालात, बघा. धार वरून काचेच्या दांडीसारखी उतरते आहे आणि वीतभर खाली येऊन तिचे थेंब होतात. "पाण्याला आपली कातडी कमी करायची असते," तुम्ही सांगत होतात. "लांब धारेपेक्षा थेंबांना कातडी कमी पुरते. धारेला कुठे जरा कंबर पडली की ती आवळतच जाते. एकदा सुरू झालं की धार स्वतःच स्वतःला तोडते." मग तुम्ही नळाला तांब्या टेकवून त्यावर चमचा वाजवू लागलात, आणि सर, ती धार वरच्या वर तुटली. आवाजाने पाणी तुटताना मी पहिल्यांदा पाहिलं. कानावर जगणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा मोठी भेट कोण देणार? काकू म्हणाल्या, झालं असेल तर मला तांदूळ धुवायचेत. मी तिथून निघालो तो पायडल न मारता सातपूरला पोचलो असं वाटलं. नोझल सुधारलं. हे मी नाकारत नाही. तुम्ही हुशार होतात याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

त्याच स्वयंपाकघरात मी उत्साहाने सांगून गेलो की मला धुकं आणि थेंब कानाने कळतात. तुम्ही चमचा खाली ठेवलात. "तुम्हा लोकांचं सगळं कानावर आणि अंदाजावर," तुम्ही म्हणालात. "कान हे उपकरण नाही. त्याची साक्ष कोर्टात चालत नाही." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली. मी हसलो. मला हसण्याची सवय आहे, हसून मी बरीच माणसं जोडली. तुमच्या बाबतीत ते हसणं वाया गेलं.

मग तुम्ही मला लेसर दाखवलात. माणकाची कांडी कोणा परदेशातल्या मित्राने दिलेली, तिच्यावर झोत टाकणारे दिवे परदेशी, बाकी सांगाडा तुम्ही स्वतः जमवलेला. कंडेन्सर भरायला लागले की डासासारखा सूर वर वर चढत जायचा, आणि मग चट्. तेवढाच आवाज. धातूच्या तुकड्यावर निळसर पांढरी ठिणगी उठायची. जेवढा धातू जळून वर उठला त्याचा उजेड लोलकातून फोटोच्या काचेवर पडायचा आणि प्रत्येक धातूची आपापली रेघ उमटायची. जस्ताची वेगळी, तांब्याची वेगळी, शिशाची जांभळ्या टोकाला. पण तुम्हाला त्या रेघांत फारसा रस नव्हता. तुमचा जीव होता ठिणगीने धातूत पडलेल्या त्या बारीक खड्ड्यात. सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही मला तो दाखवलात. वितळलेलं पितळ काठावर उसळून, बोटं काढून, त्या बोटांचे थेंब होता होता थिजलेलं, जिलबीच्या कढईच्या काठावर पाक उडून बसतो तसं. नळाची धार आणि हे पितळ एकच आहे, तुम्ही म्हणालात, फक्त इथे ते मला पकडता आलं. तुम्ही त्या खड्ड्यांचे फोटो काढत होतात. आणि जाता जाता, फार मोठं काही सांगत नसल्यासारखे, म्हणालात, "धातू तपासायचा असेल तर एक लक्षात ठेवायचं. पहिला शॉट नेहमी कातडीचा. हाताचं तेल, धूळ, गंज, जे वर असेल तेच तो सांगतो. आतला धातू दुसऱ्या-तिसऱ्या शॉटला बोलतो. त्याच खड्ड्यात मारायचा." हे तुमचे शब्द आहेत, सर. माझे कान कोर्टात चालत नसतील, पण ऐकलेलं सोडत नाहीत.

आता आमच्या शेडची एक रीत. कोपऱ्यात हातभर उंचीचा मारुती होता, आधीच्या भाडेकरूने बसवलेला. नवीन लॉटचा पहिला नग मारुतीच्या पायाशी ठेवायचा, त्याला शेंदराचं बोट लावायचं, मग बाकीचा माल गाडीत चढवायचा. ही रीत मी नाही, चाचांनी चालू ठेवलेली. मी घाईत विसरलो की भट्टीवरून हाक यायची, "बेटा, पहला नग हनुमानजीला दाखव. शेडवर पहारा त्याचा हाय, माझा नाय." जुम्म्याला ते मशिदीत जायचे आणि शनिवारी मारुतीला तेल घालायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, भाडं दोघं मिळून देतो तर दोघा मालकांना सलाम करायला काय जातं. तो पहिला नग आम्ही कधी विकायचो नाही. पुसून जपून ठेवायचो, कारण तो सगळ्यात मन लावून कातलेला असायचा.

त्या साली डावणीने, पानांवर बसणाऱ्या बुरशीने, बागा झोडपल्या. निफाडकडचे बागायतदार जमून शेडवर आले. त्यांच्यात एक दांडगा गृहस्थ होता, बाकीचे त्याला अध्यक्ष म्हणायचे. तो खाली बसलाच नाही. "लय झिजत्यात तुमच्या चकत्या," तो म्हणाला. "छाटणीला बसवली अन् मणी धरायच्या आत भोक एवढं. म्हातारा भंगारातलं शिसं ढकलतोय आत." शिसं थोडं लागतंच, नाहीतर लेथवर पितळ सरळ कापलं जात नाही, पण जास्त झालं की मऊ पडतं आणि औषधाच्या कणांनी झिजतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. चाचा भट्टीपाशी उभे. चिमट्याने राख उकरत राहिले. मी चकती उचलली, फरशीवर टाकली, ती नाचत नाचत वाजत राहिली आणि मी सगळ्यांदेखत सांगितलं की शिसं जास्त असेल तर आवाज बसका येतो, हा घंटेसारखा आहे, यात जादा शिसं नाही, माझ्या कानाची हमी. अध्यक्ष म्हणाला, "कानाचं आमाला नगं. कागद पायजे." मी म्हणालो, कागद देतो, आणि कॉलेजच्या सरांच्या सहीचा देतो. मला केवढा आनंद झाला होता. तुमच्यासारखा माणूस माझ्या बाजूला होता. तपासायला नेताना मी बुद्धी चालवली आणि सगळ्यात चांगला नग निवडला. पहिला. मारुतीचा.

तुम्ही तो अध्यक्षासमोरच तपासला. कंडेन्सर चढले, चट् झालं, काच धुतली, वाळवली, भिंगाखाली धरली. शिशाची जांभळ्या टोकाची रेघ माझ्या डोळ्यांनाही दिसली, इतकी ठळक. तुम्ही 'शिसं जादा' असा कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला. एक शॉट. त्या लोकांना काय ठाऊक, मलाही त्या क्षणी सुचलं नाही, पण तुम्हाला ठाऊक होतं.

त्यानंतरची बैठक आमच्या शेडवरच झाली. कोणी आवाज चढवला नाही, तेच वाईट. अध्यक्षाने चहा मागवला, सगळ्यांना कप फिरले आणि चाचांपाशी येऊन थांबले. पोऱ्याला वाटलं कप कमी पडला, तो आणायला निघाला तर अध्यक्षाने त्याला हाताने थांबवलं. चाचांनी हात धुतले, पागोट्याच्या टोकाला पुसले आणि शेडची किल्ली माझ्या लेथवर ठेवली. मी म्हणालो, चाचा, हे मिटेल. ते म्हणाले, "मिटणार नाय बेटा. पितळ परत वितळतं. नाव नाय वितळत." मालेगावच्या बसला ते एकटेच गेले. मला येऊ दिलं नाही. पुढे मेनरोडला भांड्यांच्या दुकानात त्यांचं नाव निघालं की लोक शिसेवाला म्हणायचे. माझ्यासमोर म्हणायचे नाहीत, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत.

शेंदराचं लक्षात आलं ते पुढच्या लॉटला. पहिला नग मारुतीपाशी ठेवला, बोट लावलं, आणि ते बोट पुसताना समोरच्या शेडमधला रंगारी हसून म्हणाला, मीही तेच लावतोय. तो लोखंडी गेटला शेंदरी अस्तर मारत होता. हे शिशापासून करतात, तो म्हणाला, म्हणून गंज धरत नाही. मी मारुतीपाशी ठेवलेला नग उचलून उजेडात धरला. मी तुम्हाला जी चकती दिली ती पुसलेली होती, पण लेथच्या बारीक रेघांमध्ये तेलातला शेंदूर भरलेला. तुमच्या पहिल्या शॉटने कातडी सांगितली, आणि कातडीवर शिसं होतंच. मारुतीचं होतं. सायकल काढली आणि लेथ चालू ठेवूनच मी कॉलेजला आलो.

तुम्ही फोटो धुवत होतात. मी शेंदराचं सांगितलं तर तुम्ही खरंच हसलात, सुंदर, म्हणालात, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मला वाटलं झालं. मी म्हणालो, सर, चकती आणली आहे, त्याच खड्ड्यात दुसरा शॉट मारा. तुमचा चेहरा हळूहळू बंद झाला. दिवे थोडे उरलेत, नवे यायला वर्ष लागेल, मुंबईला परिषद आहे आणि तिथे थेंबांची मालिका दाखवायची आहे, आधीच एक फोटो हलला आहे. हे सगळं तुम्ही मला समजावून सांगितलंत, विद्यार्थ्याला सांगतात तसं. मी म्हणालो एकच. तुम्ही म्हणालात, एकच एकच करत दिवे संपतात. मी म्हणालो, माणसाचं नाव गेलंय. तेव्हा तुम्ही चिमटा खाली ठेवून विचारलंत,

"अहो, पण तुमचा म्हातारा गेला ना मालेगावला? मग आता हे कुणासाठी?"

या वाक्याला मी उत्तर नंतर हजार वेळा दिलं. लेथवर दिलं, झोपेत दिलं, मुलीच्या लग्नात पंगतीत दिलं. त्या वेळी मी निदान एवढं तरी मागितलं की कागदावर खाली एक ओळ लिहा, तपासणी वरच्या थराची आहे. तुम्ही म्हणालात, सही झालेल्या कागदावर मी खाडाखोड करत नाही. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागे कंडेन्सर चढायला लागले होते. तो डासाचा सूर. मी जिन्यात उभा राहून ऐकला. चट्. थोड्या वेळाने परत चट्. माझ्या डोळ्यांदेखत नाही, पण माझ्या कानांदेखत तुम्ही त्या दुपारी तुमच्या थेंबांसाठी शॉटवर शॉट मारलेत.

पुढे माझं बरं झालं. पितळ सोडलं, कडक पोलादाच्या चकत्या आणल्या, अंबडला स्वतःचा प्लॉट घेतला, सिन्नरला दुसरं युनिट टाकलं. तोच अध्यक्ष माझ्याकडून माल नेऊ लागला, आणि मी त्याला चहा पाजत राहिलो, कपही भरून. चाचा मालेगावात यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करत बसायचे. मी जायचो, ते खिमा-पाव मागवायचे, धंद्याचं विचारायचे, पण ओतकामाचा विषय काढला की उठून पाणी आणायला जायचे. त्यांनी परत भट्टी पेटवली नाही. मी दर खेपेला सांगायचो की चाचा, ते शेंदराचं होतं, आत काही नव्हतं. ते मान हलवायचे. मला वाटायचं त्यांचा विश्वास बसत नाही, कारण माझ्याकडे कागद नाही, आणि कागद नाही कारण तुम्हाला परिषद होती.

तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेला मी आलो होतो, मागे खांबाजवळ उभा होतो. तुमचा खड्ड्याचा फोटो मोठा करून लावलेला, हार घातलेला. सगळ्यांनी तुमच्या काटेकोरपणाबद्दल सांगितलं. एक जण म्हणाला, सर एकाच निरीक्षणावर कधी विसंबले नाहीत. मी बाहेर येऊन पान खाल्लं. काकू मला ओळखून म्हणाल्या, नोझलवाले ना तुम्ही, ह्यांना तुमचं फार कौतुक होतं. त्यांना काय सांगणार? म्हणालो, मलाही. त्या संध्याकाळपासून आजपर्यंत सातपूर ते सिन्नर असा एकही चहावाला नसेल जिथे मी तुमची गोष्ट सांगितली नाही. शिकलेल्या माणसाने एका शॉटसाठी एका निर्दोष माणसाचं नाव कसं पुसलं, ही. मी ती चांगली सांगतो. लोक तुम्हाला शिव्या देतात आणि माझ्या कानाला दाद देतात.

चाचा वारले आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी पोलादाच्या काही कामासाठी मी मुंबईला एका लॅबमध्ये गेलो. तिथे लेसर होता, तुमच्या त्या लेसरपेक्षा लहान आणि ऐटबाज, काचेऐवजी कागदाच्या पट्टीवर पेन धावायचं. चालवणारी मुलगी माझ्या धाकटीएवढी. आमचं काम झाल्यावर मी खिशातून ती चकती काढली. तुमचा खड्डा भिंगाखाली अजून तसाच होता, काठावर थिजलेल्या थेंबांसकट. मी तिला म्हणालो, याच जागी मार. तिने मारला. शिशापाशी पेन उडालं. म्हणालो, ते वरचं आहे, शेंदूर आहे, परत मार. तिने मारला. परत. परत. ती म्हणाली, "काका, आता आपण पार आत आहोत. अजून मारू?" मी म्हणालो, मार. तुमच्यासारखे दिवे तिने मोजले नाहीत, मी थांब म्हणेपर्यंत मारत राहिली, आणि शिशापाशी पेन शेवटपर्यंत तेवढंच उंच उडत राहिलं.

भंगार घेताना चाचा फसले असतील, की माहीत असून त्यांनी मुशीत ढकललं असेल, ते आता विचारायला कोणी नाही. तुम्हीही बरोबर होतात असं मी म्हणणार नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही बघितलंच नाही, आणि न बघता बरोबर येणं याला तुम्हीच अंदाज म्हणायचात. राग अजून तेवढाच आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं, आणि चहावाल्याकडे ती गोष्ट मी अजून जुनीच सांगतो. पण ती चकती तळापर्यंत शिशाने भरलेली होती, आणि त्या लॅबच्या टेबलावरून निसटून फरशीवर पडली तेव्हाही ती घंटेसारखीच वाजली.